वाडी, खार आणि आफ्रिकेतला बांध

खास प्रतिनिधी

रेवदंडा : रेवदंड्याच्या जुन्या पोर्तुगीज तटबंदीच्या आत आणि बाहेर माड-पोफळीच्या वाड्या आहेत. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून काशीदच्या किनाऱ्याकडे निघालेल्या पर्यटकांना या वाड्या म्हणजे रस्त्याकडेची गार सावली वाटते. प्रत्यक्षात त्यातली एकेक वाडी हे एकेका कुटुंबाचे पोट आहे आणि बहुतेक वाड्यांचे मोजमाप एकरात नव्हे, गुंठ्यांत होते. आफ्रिकेतील लहान शेतकऱ्यांसाठी कृषी विद्यापीठांनी एकत्र यावे, हा विषय दिल्लीच्या, नैरोबीच्या किंवा कंपालाच्या सभागृहांत चर्चिला जातो. रेवदंड्याशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. तथापि संबंध आहे, आणि तो आजचा नाही.

पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात चौलचा उल्लेख बंदर म्हणून येतो. तेव्हापासून अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी या भागाचा व्यापार होता. रेवदंड्याची खाडी ओलांडून साळावला उतरले की जंजिऱ्याच्या सिद्दींचा जुना मुलूख सुरू होतो. जुनी माणसे त्या प्रदेशाला आजही 'हबसाण' म्हणतात. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी या किनाऱ्यावर राज्य केले. ज्या पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधला, त्यांनीच ब्राझीलचा काजू एकीकडे गोव्यात आणि दुसरीकडे मोझांबिकमध्ये नेला. कोकण आणि पूर्व आफ्रिका ही एकाच समुद्राची दोन काठे आहेत; त्यांचा पाऊस आणि पिके, तसेच संकटेही, मिळतीजुळती आहेत. असे असताना दोन्ही काठांवरील कृषिशिक्षण मात्र एकमेकांना जवळजवळ अनोळखी राहिले. हे अनोळखीपण संपवायचे असेल तर ते कोणाच्या फायद्यासाठी आणि कोणत्या मार्गाने, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दुखणे एकच

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. रेवदंडा, चौल, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यातील पोफळी काडीसारख्या मोडल्या आणि माड मुळासकट उन्मळले. भाताचे पीक गेले तर शेतकरी पुढच्या पावसाची वाट पाहतो. बाणवली माड लावल्यावर तो धरायला सहा-सात वर्षे जातात. पोफळीलाही तितकाच धीर लागतो. सरकारने नंतर झाडागणिक मदत जाहीर केली, ती सुपारीच्या झाडामागे पन्नास रुपये आणि नारळाच्या झाडामागे अडीचशे रुपये. एका माडाला वर्षाकाठी किती नारळ लागतात, याची ज्याला कल्पना आहे त्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

त्याआधी वर्षभर, मार्च २०१९ मध्ये, 'इडाई' वादळाने मोझांबिकमधील बैरा शहर आणि त्यामागची शेती उद्ध्वस्त केली होती. पुढे २०२३ मध्ये 'फ्रेडी' वादळाने मोझांबिक आणि मालावीला झोडपले. मोझांबिकच्या झांबेझिया प्रांतातील माड तर त्याआधीच पिवळेपणाच्या प्राणघातक रोगाने लाखोंनी मेले होते. वादळानंतर वाडी पुन्हा उभी कशी करायची, माड धरेपर्यंतच्या वर्षांत घर कशावर चालवायचे, कोणते आंतरपीक घ्यायचे, हे प्रश्न रेवदंड्याच्या वाडीवाल्याला पडले तसेच ते हिंदी महासागराच्या पलीकडील शेतकऱ्यालाही पडले.

साम्य येथेच संपत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीखालील क्षेत्र १.३४ हेक्टर आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील बहुसंख्य शेतेही दोन हेक्टरांच्या आतलीच आहेत. दोन्हीकडे शेती मुख्यतः पावसावर चालते, घरची बाई शेतावर राबते आणि सातबाऱ्यावर किंवा तेथील कागदावर तिचे नाव क्वचितच असते. दोन्हीकडे तरुण मुलगा शेती सोडून शहराची वाट धरतो, मग ते शहर मुंबई असो की दार-ए-सलाम.

खारी जमीन, दोन खंडांत

अलिबाग आणि पेण तालुक्यांतील खारेपाट हा तर या साम्याचा ठळक नमुना आहे. समुद्राचे पाणी बांध घालून अडवायचे, आतले पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर सोडायचे, पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की भात लावायचा, ही येथील पिढ्यान्पिढ्यांची रीत. बांधाला खांड पडली की भरतीचे पाणी आत शिरते आणि जमीन काही वर्षे नापीक होते. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊमध्ये बालांता समाजाचे शेतकरी कांदळवनाच्या काठी जवळजवळ हेच करतात. तेही मातीचे बांध घालतात, पोखरलेल्या ओंडक्यांच्या नळातून पाणी काढतात आणि पावसाने मीठ धुतले जाण्याची वाट पाहतात. सिएरा लिओनमधील रोकुप्र येथे १९३४ मध्ये भात संशोधन केंद्र सुरू झाले, ते याच खाऱ्या जमिनीतील भातासाठी प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे पनवेल येथे खारभूमी संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. पनवेल आणि रोकुप्र या दोन ठिकाणी एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षे काम झाले आहे. समुद्राची पातळी वाढत असताना या दोन केंद्रांनी बियाणे, नोंदी आणि माणसे यांची देवघेव करण्याइतकी स्वाभाविक गोष्ट दुसरी नसेल. विद्यापीठांचे सहकार्य म्हणजे काय, याचे उत्तर शोधायला त्यामुळे फार लांब जावे लागत नाही.

आपणही एकेकाळी घेणारे होतो

'आपलेच भागत नाही, मग आफ्रिकेला कशाला?' हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. त्याचे पहिले उत्तर इतिहासात आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत भारत धान्य आयात करणारा देश होता आणि कृषिशिक्षणातही तो घेणारा होता. १९६० मध्ये पंतनगरला देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले, ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने. लुधियानाच्या विद्यापीठाला ओहायो राज्य विद्यापीठाचे साहाय्य मिळाले. महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठ आले. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळालेल्या राहुरीच्या विद्यापीठाच्या घडणीत त्याचा हात होता. त्यानंतर १९६९ मध्ये अकोला आणि १९७२ मध्ये दापोली व परभणी अशी विद्यापीठांची विभागणी झाली.

या सहकार्यातून काय मिळाले? इमारती आणि यंत्रे मिळाली, प्राध्यापक आले, आपले तरुण तिकडे शिकून आले. परंतु खरी देणगी एका कल्पनेची होती. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने जमिनी देऊन विद्यापीठे उभी राहिली, १८८७ मध्ये त्यांना प्रयोगक्षेत्रे जोडली गेली आणि १९१४ मध्ये विस्तारकार्य. शिकवणे, संशोधन करणे आणि ते शेतकऱ्यापर्यंत नेणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, ही ती कल्पना. आपण ती जशीच्या तशी उचलली नाही. गावपातळीवरचा विस्तार मुख्यतः राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिला. तरीही संशोधन विद्यापीठाकडे आले आणि १९७४ पासून कृषी विज्ञान केंद्रांची जोड मिळाली. कर्जतचे भात संशोधन केंद्र, श्रीवर्धनचे सुपारी संशोधन केंद्र, पनवेलचे खारभूमी केंद्र आणि रोह्याजवळील किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्र ही सारी आज दापोलीच्या छत्राखाली आहेत. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला केंद्र आणि तिच्या मुखाशी रेवदंड्याची वाडी, अशी ही रचना कागदावर तरी आदर्श आहे.

आफ्रिकेत हीच कल्पना वेगळ्या वाटेने गेली. इथिओपियातील अलेमाया येथील कृषी महाविद्यालय १९५० च्या दशकात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाच्या मदतीने उभे राहिले. मात्र १९६६ मध्ये तेथे संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. अनेक आफ्रिकी देशांत हेच चित्र दिसते. विद्यापीठ शिक्षण खात्याकडे, संशोधन दुसऱ्या संस्थेकडे आणि विस्तार कृषी खात्याकडे. विद्यार्थी शेतकऱ्याला न भेटताच पदवीधर होतो आणि शेतकऱ्याचा प्रश्न वर्गापर्यंत पोहोचत नाही. आफ्रिकेतील कृषिशिक्षण बळकट करायचे म्हणजे ही तुटलेली साखळी जोडायची.

कृषिदूत आणि गुलूचा विद्यार्थी

ही जोडणी आफ्रिकेने स्वतःच सुरू केली आहे, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. २००४ मध्ये पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील दहा विद्यापीठांनी मिळून 'रुफोरम' हा संघ स्थापन केला. त्याचे कार्यालय युगांडातील कंपाला येथील माकेरेरे विद्यापीठात आहे आणि आज त्याच्या सदस्य विद्यापीठांची संख्या दीडशेच्या पुढे गेली आहे. २०१६ पासून या संघाने मास्टरकार्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने युगांडातील गुलू आणि केनियातील एगर्टन या विद्यापीठांत एक उपक्रम चालविला. त्याला कोस्टारिकातील 'अर्थ' या कृषी विद्यापीठाची साथ होती. गरीब घरांतील मुलामुलींना शिष्यवृत्ती देणे, त्यांना शेतकरी कुटुंबांशी जोडून देणे आणि शेतावरचा प्रश्न हाच अभ्यासाचा विषय करणे, हे त्याचे सूत्र होते. उत्तर युगांडा दीर्घकाळच्या यादवीने पोळला होता. लोक छावण्यांतून नुकते शेतांवर परतले होते. अशा भागात विद्यापीठाचा विद्यार्थी शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन बसू लागला, याचे महत्त्व पदवीपेक्षा कमी नाही.

मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. दरवर्षी पावसाळ्यात आपल्या कृषी महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी गावोगाव जातात. ग्रामीण कृषी कार्यानुभव हे त्या उपक्रमाचे नाव; 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' ही त्या मुलामुलींची ओळख. ते माती परीक्षणाचे नमुने घेतात, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके दाखवतात, शेतकऱ्यांबरोबर छायाचित्र काढतात आणि ते जिल्ह्याच्या पानावर छापून येते. टीका करायची तर हा उपक्रम बऱ्याच ठिकाणी उपचार झाला आहे, असे म्हणता येईल. विद्यार्थी काही महिने राहतो, वही भरतो आणि परततो. शेतकऱ्याला पुढच्या हंगामात तो दिसत नाही. असे असले तरी चौकट तयार आहे. तिला अभ्यासाचे गांभीर्य द्यायचे तर गुलूकडून शिकता येईल, आणि गुलूला एवढ्या मोठ्या संख्येने विद्यार्थी गावात पाठविण्याची व्यवस्था कशी लावावी हे येथून शिकता येईल. विद्यापीठांचे सहकार्य कुलगुरूंच्या सह्यांवर थांबू नये, ते या विद्यार्थ्याच्या पायांनी बांधापर्यंत चालत गेले पाहिजे.

दिल्लीने काय केले?

भारत सरकारने या दिशेने काहीच केले नाही, असे नाही. २००८ मध्ये दिल्लीत पहिली भारत-आफ्रिका शिखर परिषद झाली. तिच्यानंतर आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतीय कृषी विद्यापीठांत शिकण्यासाठी वर्षाला ७५ विशेष शिष्यवृत्त्या ठेवण्यात आल्या. त्यांपैकी ५० पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि २५ पीएच.डी.साठी होत्या. २०११ मध्ये अदिस अबाबा आणि २०१५ मध्ये पुन्हा दिल्ली येथे परिषदा झाल्या. २०१५ मध्ये सर्व विषय मिळून पाच वर्षांत पन्नास हजार शिष्यवृत्त्यांची घोषणा झाली. चौथी परिषद मात्र त्यानंतर अनेक वर्षे लांबली. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताच्या यजमानपदाखाली आफ्रिकी संघाला जी-२० चे सदस्यत्व मिळाले आणि त्याच वर्षी झांझिबारमध्ये मद्रास आयआयटीचे केंद्र सुरू झाले. परदेशात सुरू झालेली ती पहिली आयआयटी. तेथे आरंभ झाला तो विदाशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमांनी. लवंग, नारळ आणि भात यांवर जगणाऱ्या बेटावर पहिली भारतीय संस्था आली ती शेतीची नव्हती, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

शिष्यवृत्ती हे चांगले साधन आहे. परंतु इकडे पदवी घेऊन परतलेला विद्यार्थी आपल्या देशात कोठे जातो, हा खरा प्रश्न आहे. तो राजधानीतील खात्याच्या कचेरीत बसला तर लहान शेतकऱ्याच्या पदरी काही पडत नाही. त्याच्या प्रबंधाचा विषय येथील प्रयोगक्षेत्रातील पिकावर बेतलेला असेल तर तो त्याच्या गावातील जमिनीला लागू पडेलच असे नाही. प्रबंधाचे काम अर्धे येथे आणि अर्धे त्याच्या देशात व्हावे, मार्गदर्शकही दोन असावेत, एक येथला आणि एक तेथला, ही साधी अट घातली तरी शिष्यवृत्तीचा रोख बदलेल. हैदराबादजवळील 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेने कोरडवाहू पिकांबाबत हे करून दाखविले आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची केंद्रे केनिया, मालावी, माली, नायजर येथेही आहेत. तूर, ज्वारी, बाजरी, भुईमूग यांचे वाण दोन्ही खंडांतील शेतांवर तपासले गेले, म्हणूनच ते दोन्हीकडे रुजले.

हापूस, तूर आणि काजूचा धडा

आता मूळ आक्षेपाकडे वळू. कोकणातील बागायतदाराच्या मनात आफ्रिकेचे नाव निघताच 'मालावी हापूस' येतो. २०१८ पासून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाशीच्या घाऊक बाजारात मालावीचा आंबा येऊ लागला. कोकणातून नेलेल्या हापूसच्या काड्यांवर ती बाग उभी राहिली, असे तेव्हाच प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कोकणच्या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, हा योगायोग सूचक म्हणावा लागेल. आपल्याच काड्या वाढवून आपल्याच बाजारात आंबा आणला जातो आणि त्याचे कोकणाला काही मिळत नाही, ही भावना चुकीची म्हणता येणार नाही. आंब्याच्या हंगामात मालावीचा आंबा नसतो, हे खरे असले तरी भावनेमागचा प्रश्न उरतोच.

परंतु हा प्रश्न नेमका कोणाच्या विरोधात जातो? काड्या गेल्या त्या व्यापारी बागायतीसाठी. ज्यांनी शतकभर हापूस जोपासला त्यांच्याशी या देवघेवीत कोणताही करार नव्हता आणि लाभात वाटाही नव्हता. ज्ञान आणि रोपे जायचीच आहेत. ती खासगी वाटेने गेली तर अटी कंपनी ठरवते, विद्यापीठांच्या करारातून गेली तर अटी घालता येतात. बियाण्याच्या मालकीचे काय, नव्या वाणावर दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचा हक्क कसा राहील, मूळ जात जोपासणाऱ्यांना काय मिळेल, हे करारात लिहिता येते. हापूसचा धडा सहकार्य नको असा नाही. ते उघडपणे आणि लेखी असावे, असा आहे.

तुरीचा धडा याहून कडू आहे. २०१५ च्या दिवाळीत तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, हे शहरी वाचक विसरले नसतील. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी पाच वर्षांचा करार केला. एक लाख टनांपासून सुरुवात करून २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन तूर घेण्याचे ठरले. तेथील लहान शेतकऱ्यांनी तूर वाढविली. इकडे त्याच हंगामात लातूर-विदर्भात विक्रमी पीक आले, भाव हमीदराखाली कोसळले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. मोझांबिकसाठी ठरलेला कोटा कायम होता, पण मर्यादेची बातमी तेथील बाजारात पोहोचताच शेतकऱ्याच्या तुरीचा भाव पडला. लातूरचा शेतकरी आणि नामपुलाचा शेतकरी, दोघेही एकाच वर्षी बुडाले. पुढे २०२१ मध्ये करार वाढविण्यात आला आणि मालावीशीही वर्षाला पन्नास हजार टनांचा करार झाला. आपल्या ताटातील डाळीचा काही भाग अशा रीतीने आफ्रिकेतील एखाद्या एकरभर शेतातून येतो. तेथील शेतकऱ्याला पेरणीआधी भारतातील पिकाचा अंदाज कळत नाही आणि येथील शेतकऱ्याला तेथील पेऱ्याचा. दोन्हीकडच्या विद्यापीठांतील कृषी अर्थशास्त्र विभागांनी हा अंदाज मिळून काढला आणि वेळेवर जाहीर केला, तर ते अनेक भाषणांहून उपयोगी ठरेल.

काजूची गोष्टही तशीच. सिंधुदुर्गातील काजू कारखान्यांना लागणारी बी मोठ्या प्रमाणात आफ्रिकेतून येते. आयव्हरी कोस्ट हा आज कच्च्या काजूचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने कलमांच्या जाती दिल्या आणि १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने त्या कोकणच्या डोंगरउतारांवर पसरल्या. आफ्रिकेतील बहुतेक काजू मात्र बियांपासून वाढलेल्या जुन्या झाडांचा आहे. कलम बांधण्याचे कसब शिकवावे की नाही, यावर वाद होऊ शकतो. मात्र तेथील देश बी बाहेर पाठविण्याऐवजी स्वतःच प्रक्रिया करू पाहत आहेत. ते दार आपण धरून ठेवू शकत नाही. तेव्हा त्यांचा गुरू व्हावे की केवळ गिऱ्हाईक राहावे, एवढीच निवड आपल्या हाती आहे.

शिकण्यासारखेही पुष्कळ

सहकार्य म्हणजे आपण द्यायचे आणि त्यांनी घ्यायचे, हा समज सोडून देण्यास एक कीड पुरेशी आहे. २०१६ मध्ये अमेरिका खंडातील लष्करी अळी आफ्रिकेत पोहोचली आणि दोन वर्षांत जवळजवळ साऱ्या खंडातील मक्यावर पसरली. मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात सापडली आणि काही महिन्यांत सोलापूरच्या मक्यात शिरली. भारतात ती नवी होती. आफ्रिकेतील शेतकऱ्याला आणि शास्त्रज्ञाला तिचा दोन वर्षांचा अनुभव होता. नैरोबीतील 'इसिपे' या कीटकशास्त्र संस्थेने मक्यात डेस्मोडियम हे द्विदल पीक आणि कडेने नेपियरसारखे गवत लावून खोडकिडीला आवर घालण्याची पद्धत १९९० च्या दशकात विकसित केली होती. ही पद्धत लष्करी अळीचाही उपद्रव कमी करते, असे पूर्व आफ्रिकेतील शेतांवर आढळले. महागडे औषध न लागणारी आणि जनावरांना वैरणही देणारी ही पद्धत लहान शेतकऱ्यासाठीच जन्मली. ती आपल्या अभ्यासक्रमात ठळकपणे असायला हवी.

उलट बाजूने रायगडनेही देण्यासारखे काही जोपासले आहे. माडांच्या सावलीत काळी मिरी, जायफळ, दालचिनी घेण्याची रत्नागिरीजवळील भाट्ये केंद्राची 'लाखी बाग' ही कल्पना थोड्या गुंठ्यांत अनेक उत्पन्ने मिळवून देते. झांझिबार आणि पेंबाच्या मसाल्याच्या बागांना तिची तत्त्वे समजावून सांगावी लागणार नाहीत. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी कृषी खात्याच्या बरोबरीने दापोलीच्या विद्यापीठाने प्रस्ताव तयार केला आणि कार्ले, खंडाळे या गावांतील शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या राखलेल्या बियाण्याला नाव मिळाले. विद्यापीठ आणि लहान शेतकरी एकत्र आले म्हणजे काय होते, याचे हे घरचे उदाहरण आहे.

आधी घर, की दोन्ही?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. विद्यापीठ हे सर्व रोगांवरचे औषध नाही. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला. तो अधिक पीक देणाऱ्या वाणासाठी नव्हता, कसणाऱ्याच्या न्याय्य वाट्यासाठी होता. खोती गेली, कूळकायदा आला, मगच संशोधन केंद्राचे वाण कुळाच्या स्वतःच्या शेतात पोहोचले. आफ्रिकेतील अनेक देशांत जमीन परंपरेने कसली जाते, पण कागद नसतो. स्त्रियांकडे तर तो फारच क्वचित असतो. हा प्रश्न त्या त्या देशाच्या राजकारणाने सोडवायचा आहे. कृषिशिक्षण त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि घेतल्याचा आव आणला तर मदत वरच्या थरातच मुरते.

दुसरी गोष्ट घरची. महाराष्ट्रातील चारही कृषी विद्यापीठांत प्राध्यापक आणि शास्त्रज्ञांची पदे मोठ्या संख्येने रिकामी राहत आली आहेत. एक शास्त्रज्ञ दोन-तीन योजनांचा भार वाहतो आणि संशोधन केंद्रावर नवी भरती होत नाही. 'निसर्ग' वादळानंतर वाडीवाल्याला हवी होती खात्रीची रोपे आणि वारंवार घरी येणारा सल्लागार. गेंड्या भुंगा, सोंड्या भुंगा आणि पांढरी माशी या किडींची चर्चा त्याला शिबिरात ऐकायला मिळाली, पण रोप पाहायला दुसऱ्यांदा कोणी आले का, हे त्यालाच विचारलेले बरे. ज्या विद्यापीठाला आपल्या जिल्ह्यात पुरेशी माणसे नाहीत त्याने परदेशाशी करार करावेत, हे अनेकांना हास्यास्पद वाटेल.

हा आक्षेप गंभीर आहे; तो टाळण्याचे कारण नाही. मात्र त्याचे उत्तर दरवाजे बंद करणे हे नव्हे. १९६० च्या दशकात अमेरिकेची विद्यापीठे येथे आली तेव्हा पैसा आणि माणसे त्यांच्या सरकारने पुरविली. पंतनगर, लुधियाना, राहुरी ही एका पिढीची गुंतवणूक होती. आज दापोलीने सिएरा लिओनशी, झांझिबारशी किंवा मालावीतील लिलाँग्वे कृषी विद्यापीठाशी नाते जोडावे असे दिल्लीला वाटत असेल, तर त्यासाठी स्वतंत्र पदे आणि स्वतंत्र निधी दिल्लीनेच द्यायला हवा. खारभूमीतील भात, वादळानंतरची माडाची वाडी आणि काजूचे कलम हे तीन विषय पुरेसे आहेत. प्रत्येक विषयावर दोन्हीकडचा एकेक प्राध्यापक आणि काही विद्यार्थी, आणि दोन्हीकडची ठरावीक गावे. पाच वर्षांनी त्या गावांतील उत्पन्न मोजावे आणि मगच पुढचा करार करावा. अशी पदे आणि असा निधी आला तर पनवेल आणि श्रीवर्धनची केंद्रेही त्यामुळे सावरतील. आफ्रिकेसाठी नेमलेला खारभूमीचा शास्त्रज्ञ खारेपाटातही उभा राहीलच.

२०२५ च्या जानेवारीत आफ्रिकी देशांनी कंपाला येथे शेतीविषयक दहा वर्षांचा नवा जाहीरनामा मान्य केला. त्याआधी २००३ मध्ये मापुटो येथे त्यांनी अर्थसंकल्पाचा दहावा हिस्सा शेतीवर खर्च करण्याचे ठरविले होते. बहुतेक देशांना ते साधले नाही. जाहीरनाम्यांची ही गत आपल्यालाही अपरिचित नाही. म्हणूनच विद्यापीठांच्या सहकार्याचे मोल किती करार झाले यावरून करू नये. किती विद्यार्थी एकाच शेतकऱ्याकडे दुसऱ्या हंगामातही परत गेले, हा त्याचा खरा हिशेब.

रेवदंड्याच्या वाड्यांत 'निसर्ग'नंतर लावलेली रोपे आता डोक्याच्या वर गेली आहेत. काहींनी मात्र मोडलेली वाडी पुन्हा लावलीच नाही. त्या जागेवर पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या. वाडी टिकवायची की विकायची, हा निर्णय प्रत्येक कुटुंब आपल्या हिशेबाने घेते, आणि त्या हिशेबात विद्यापीठाचे वजन किती, हेच अखेर महत्त्वाचे. समुद्रापलीकडचा शेतकरीही नेमका हाच हिशेब मांडत बसला आहे. दोघांच्या वहीत एकाच विद्यापीठाचे नाव जमेच्या बाजूला लिहिले गेले, तरच या सहकार्याला अर्थ आहे.